स्क्लेरोडर्मा आणि फुप्फुसातला रक्तदाब : दरवर्षी काय तपासायचं, आकडे कसे वाचायचे

दंडाला पट्टा बांधून मोजतात तो रक्तदाब वेगळा. हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांकडे जाणाऱ्या धमनीतला दाब त्या पट्ट्याला कळत नाही. निरोगी माणूस आडवा पडून विश्रांती घेत असताना तो सरासरी १४ मिमी पाऱ्याच्या आसपास असतो, म्हणजे दंडातल्या दाबाच्या मानानं अगदी किरकोळ. सिस्टेमिक स्क्लेरोसिसमध्ये, ज्याला आपण स्क्लेरोडर्मा म्हणतो, बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं जे होतं तेच काही जणांत फुप्फुसातल्या बारीक धमन्यांचं होतं. भिंत जाड होते, पोकळी अरुंद होते, दाब चढतो आणि त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून उजवं हृदय थकतं. याला पल्मनरी आर्टरियल हायपरटेन्शन, थोडक्यात पीएएच, म्हणतात. शंभरातल्या साधारण दहा रुग्णांवर ही वेळ येते.

अडचण अशी की फुप्फुसात वाहिन्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतात. त्यातल्या बऱ्याचशा बंद पडेपर्यंत विश्रांतीतला दाब फारसा हलत नाही, आणि दम लागायला लागतो तो त्याहूनही उशिरा. म्हणून 'दम लागला की बघू' हे इथे चालत नाही. २०११ मध्ये फ्रान्समधून एक तुलना प्रसिद्ध झाली. दरवर्षी शोध घेऊन ज्यांचं निदान झालं त्यांच्यापैकी ६४ टक्के आठ वर्षांनी हयात होते. त्रास सुरू झाल्यावर नेहमीच्या पद्धतीनं ज्यांचं निदान झालं त्यांच्यापैकी १७ टक्के. प्रत्येक गटात माणसं फक्त १६, आणि लवकर मोजायला सुरुवात केली की आयुष्य लांबल्यासारखं दिसतं हेही खरं. पण एवढी मोठी दरी नुसत्या मोजण्याच्या फरकानं भरून निघत नाही.

कुणावर जास्त लक्ष ठेवायचं

तपासणी स्क्लेरोडर्माच्या प्रत्येक रुग्णाची दरवर्षी व्हायला हवी. तरी काही जण रांगेत पुढे. ज्यांची कातडी फक्त बोटं, हात आणि चेहऱ्यापुरतीच ताठ झाली आहे, म्हणजे 'लिमिटेड' प्रकार, त्यांना 'तुमचा सौम्य प्रकार' असं सांगून सोडलं जातं. नेमका याच प्रकारात, दहा-पंधरा वर्षांनंतर, हा दाब गाठतो. अँटी-सेंट्रोमिअर अँटीबॉडी पॉझिटिव्ह असणं, चेहऱ्यावर, ओठांवर आणि तळहातांवर बारीक लाल ठिपके (तेलांजिएक्टेशिया) वाढत जाणं, रेनॉड्सचा (थंडीत बोटं पांढरी-निळी पडण्याचा) जुना त्रास, आजार उतारवयात सुरू झालेला असणं, या सगळ्या खुणा त्याच दिशेला बोट दाखवतात. यू१-आरएनपी अँटीबॉडी असलेल्यांनाही हेच लागू. एससीएल-७० पॉझिटिव्ह असेल तर आधी फुप्फुसाच्या जाळीचा (फुप्फुसाचं ऊतक ताठ होऊन वण पडतात तो आजार), म्हणजे आयएलडीचा, धोका जास्त; पण म्हणून वाहिन्या विसरायच्या नाहीत.

एएनए (या अँटीबॉडी शोधणारी रक्ताची) तपासणी इम्युनोफ्लुरोसन्स पद्धतीनं, हेप-२ पेशींवर करून घ्या. सेंट्रोमिअरचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट ओळखू येतो. स्वस्तातल्या एलायझा चाचणीत तो निसटू शकतो आणि रुग्ण वर्षानुवर्षं 'एएनए निगेटिव्ह' म्हणून फिरत राहतो.

प्रश्न कसे विचारायचे

'दम लागतो का?' या प्रश्नाला बहुतेक वेळा 'नाही' असंच उत्तर येतं, कारण माणूस दम लागेल असं काही करायचंच सोडून देतो. मंडईतून भाजी आणायची ती आता घरपोच येते. दुसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे जाणं बंद होतं. चालत जायचं त्या अंतराला रिक्षा केली जाते. विचारलं तर 'गुडघे' किंवा 'वय' ही उत्तरं तयार असतात. त्यापेक्षा असं विचारा : मागच्या दिवाळीत जे करत होतात त्यातलं आता काय करत नाही? जिना चढताना बोलता येतं का? किती पायऱ्यांनी थांबता? वाकून फरशी पुसताना किंवा चपलेचा पट्टा लावताना श्वास कोंडतो का? घरातल्या दुसऱ्या माणसालाही हेच विचारा. बरेचदा खरं उत्तर तिकडून येतं.

पुण्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या हे सगळ्यांच्या ओळखीचं माप आहे, 'पूर्वी न थांबता, आता तीनदा थांबून' असं लोक आपणहून सांगतात. मागच्या अनुभवाबद्दल विचारायला हे माप उत्तम. स्वतःची परीक्षा घ्यायला म्हणून मात्र कुणी पर्वती चढायला जाऊ नये. चढावर डोळ्यांपुढे अंधारी येणं हे उजवं हृदय कमी पडत असल्याचं लक्षण असू शकतं, आणि त्याची परीक्षा रुग्णालयातच व्हावी.

चढताना किंवा घाईनं चालताना बेशुद्ध पडणं, दोन्ही पाय सुजणं, पोट फुगणं, थुंकीत रक्त, बसल्या जागी धाप, यातलं काहीही असेल तर वार्षिक तपासणीची तारीख पाहत बसायचं नाही. त्याच दिवशी जायचं.

आणि एक. स्क्लेरोडर्माच्या रुग्णाला धाप लागली की दमा समजून प्रेडनिसोलोनचा मोठा डोस सुरू करण्याची सवय घातक आहे. दिवसाला १५ मिलिग्रॅमच्या वरचा डोस या आजारात मूत्रपिंडाच्या अचानक बिघाडाशी, दंडातला रक्तदाब भसकन वाढण्याशी, जोडलेला आहे.

क्रम : आधी हिमोग्लोबिन, मग फुंकर

सगळ्या तपासण्या एकाच आठवड्यात करा आणि दरवर्षी साधारण त्याच महिन्यात. पुण्यात डिसेंबर-जानेवारी टाळलेला बरा. पहाटेचा पारा दहा अंशांजवळ आला की रेनॉड्स जोरात असतो, बोटं पांढरी पडतात, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र भलतेच आकडे दाखवतं. फेब्रुवारी किंवा ऑक्टोबर सोयीचा.

पहिल्या दिवशी रक्त द्या : हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, युरिक अॅसिड, एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण सांगणारी चाचणी). हे आधी का, तर फुंकरीच्या तपासणीतला सर्वांत महत्त्वाचा आकडा हिमोग्लोबिन माहीत असल्याशिवाय वाचताच येत नाही. सोबत ईसीजी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पीएफटी, म्हणजे स्पायरोमेट्री (फुंकून हवा मोजणं) आणि डीएलसीओ (हवेतला वायू रक्तात किती उतरतो ते), आणि शेवटी टूडी एको. एको करणाऱ्या डॉक्टरांच्या हातात आधीचे आकडे असले तर ते उजव्या बाजूकडे जास्त वेळ देतात, हा अनुभवाचा भाग.

फोन करून आधी विचारा : 'डीएलसीओ होतं का?' नुसती स्पायरोमेट्री करणारी केंद्रं जागोजागी आहेत, दवाखान्यातसुद्धा होते. डीएलसीओचं यंत्र मोठं, त्याला कार्बन मोनॉक्साइड मिसळलेल्या वायूचं सिलिंडर लागतं आणि ते वेळोवेळी कॅलिब्रेट करावं लागतं, म्हणून ते प्रामुख्यानं मोठ्या रुग्णालयांच्या श्वसनरोग विभागात सापडतं. एकदा जागा ठरली की दरवर्षी तिथेच जा. रिपोर्टवरचे टक्के हे तुमच्या वय-उंची-लिंगाच्या 'अपेक्षित' आकड्याशी तुलना करून काढलेले असतात, आणि प्रत्येक लॅबचं अपेक्षित आकड्याचं सूत्र वेगळं असू शकतं. सूत्र बदललं की फुप्फुस तेच राहून टक्के दहानं घसरलेले दिसतात. म्हणून टक्क्यांशेजारचा मूळ आकडाही वहीत उतरवा.

उंची तिथेच मोजून घ्या. 'पाच फूट दोन' असं तोंडी सांगितलेलं चालत नाही. पाठीला पोक आलं असेल तर दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधलं अंतर मोजायला सांगा.

तपासणीच्या दिवशी विडी-सिगारेट नाही. दोन तास आधी पोटभर जेवण नाही. स्क्लेरोडर्मात अन्ननलिका ढिली असते, जोरात फुंकताना जेवण वर येतं. ऑक्सिजन चालू असेल आणि डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर डीएलसीओच्या आधी किमान दहा मिनिटं तो बंद ठेवावा लागतो. श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, मग झटकन पूर्ण आत घ्यायचा, दहा सेकंद रोखायचा, सोडायचा. दोन वेळांमध्ये चार मिनिटांचा खंड, आणि दोन चांगल्या वेळा एकमेकींशी जुळायला हव्यात. आत घेतलेला श्वास तुमच्या सर्वांत मोठ्या क्षमतेच्या नव्वद टक्के तरी हवा. त्याहून कमी असेल तर डीएलसीओ खोटा कमी येतो.

स्क्लेरोडर्मात तोंडच लहान होतं. नेहमीचा माउथपीस ओठांत नीट बसत नाही, बाजूनं हवा निसटते आणि रिपोर्टवर 'प्रयत्न अपुरा' असा शेरा पडतो. टेक्निशियनला आधीच सांगा की तोंड उघडत नाही, लहान मुलांचा माउथपीस मागून घ्या. हे न केल्यामुळे वाया गेलेले रिपोर्ट भरपूर असतात.

दोन आकड्यांतली फारकत

एफव्हीसी म्हणजे फुप्फुसात किती हवा मावते. डीएलसीओ म्हणजे त्या हवेतला वायू रक्तात किती उतरतो. जाळीचा आजार असेल तर दोन्ही बरोबरीनं खाली येतात. वाहिन्यांचा आजार असेल तर हवा मावायची तेवढी मावते, रक्तापर्यंत मात्र पोचत नाही : एफव्हीसी जागेवर, डीएलसीओ घसरलेला. म्हणून एफव्हीसीचे टक्के भागिले डीएलसीओचे टक्के हे गुणोत्तर स्वतः काढा. बहुतेक रिपोर्टवर ते छापलेलं नसतं.

एफव्हीसी ६२, डीएलसीओ ५० : गुणोत्तर १.२४. इथे आधी एचआरसीटी (फुप्फुसाचा बारीक सीटी स्कॅन) करून जाळी बघायची. एफव्हीसी ९२, डीएलसीओ ५१ : गुणोत्तर १.८. इथे संशय वाहिन्यांवर. १.६ च्या वर गेलं की कान टवकारायचे. ऑस्ट्रेलियातल्या स्क्लेरोडर्मा तज्ज्ञांच्या गटाची पद्धत तर फार सुटसुटीत आहे. डीएलसीओ ७० टक्क्यांखाली आणि गुणोत्तर १.८ किंवा जास्त, नाहीतर एनटी-प्रोबीएनपी २१० किंवा जास्त, यातलं एक जरी जुळलं तरी पुढच्या तपासाला पाठवायचं. दोन्ही जुळली तर अर्थातच.

आता हिमोग्लोबिनचा घोळ. रक्तात लाल पेशीच कमी असतील तर वायू उतरवून घेणारं कुणी नसतं आणि डीएलसीओ वाहिन्या ठणठणीत असतानाही कमी येतो. आपल्याकडे बायकांमध्ये हिमोग्लोबिन ९ असणं ही नवलाई नाही. त्यासाठी दुरुस्तीचं सूत्र आहे : बायकांसाठी मोजलेला डीएलसीओ गुणिले (९.३८ + हिमोग्लोबिन) भागिले (१.७ × हिमोग्लोबिन), पुरुषांसाठी ९.३८ च्या जागी १०.२२. हिमोग्लोबिन ९ असलेल्या बाईसाठी गुणक १.२ येतो. म्हणजे वरच्या उदाहरणातला ५१ हा खरं तर ६१, आणि गुणोत्तर १.८ नव्हे तर १.५. चित्रच बदलतं. यंत्राला हिमोग्लोबिनचा आकडा दिला तर ही दुरुस्ती आपोआप होते, फक्त तो आकडा टेक्निशियनच्या हातात हवा.

हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या देऊन विषय मिटवू नका. बोटांवर दिसतात तसे लाल ठिपके पोटातही असतात, त्यांतून थेंबथेंब रक्त जातं. कलिंगडाच्या पट्ट्यांसारख्या दिसणाऱ्या जठरातून होणारा रक्तस्राव या आजारात चांगलाच परिचित आहे. एंडोस्कोपीचा विचार करा.

एनटी-प्रोबीएनपी, युरिक अॅसिड, ईसीजी

हृदयाच्या भिंतीवर ताण आला की एनटी-प्रोबीएनपी वाढतं. नुसतं बीएनपी ही वेगळी चाचणी आहे, दोघांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहा आणि दरवर्षी तीच करा. लॅब बहुधा १२५ ही मर्यादा छापते, ती हार्ट फेल्युअरच्या हिशेबानं. आपल्या कामासाठी वर दिलेला २१० चा आकडा जास्त उपयोगी, आणि त्याहून उपयोगी म्हणजे तुमचाच मागच्या वर्षीचा आकडा. ६० वरून १८० झालं असेल तर दोन्ही वेळा '२१० च्या आत' म्हणून समाधान मानू नये. मूत्रपिंड कमजोर असेल, वय जास्त असेल किंवा नाडी अनियमित असेल तर हा आकडा फुगतो. स्थूल माणसात तो दबतो. क्रिएटिनिन सोबत मागितलं ते यासाठी.

युरिक अॅसिड इथे गाउटसाठी बघत नाही. पुढे येणाऱ्या डिटेक्ट पद्धतीत ते लागतं. ईसीजीवर शोधायचं ते 'राइट अॅक्सिस डेव्हिएशन', म्हणजे उजव्या हृदयावर भार पडल्याची खूण. ते दिसलं तर महत्त्वाचं, नाही दिसलं तर त्यानं काही सिद्ध होत नाही.

एको : कशाची मागणी करायची

'टूडी एको नॉर्मल, पीएएच नाही' अशी एका ओळीची नोंद असलेला रिपोर्ट या कामाला निरुपयोगी. एकोवर दाब थेट मोजत नाहीत. उजव्या कप्प्यांमधल्या झडपेतून थोडं रक्त मागे फिरतं (टीआर), त्याचा वेग मोजतात, त्याचा वर्ग करून चारनं गुणतात आणि उजव्या कर्णिकेतल्या (वरच्या कप्प्यातल्या) दाबाचा अंदाज त्यात मिळवतात. वेगाचा वर्ग होत असल्यानं छोटी चूक मोठी होते. सेकंदाला २.६ मीटर वेगाला २७ मिमी, ३.० ला ३६. प्रोबचा कोन जरा हुकला की संपलं. काही जणांत रक्त मागे फिरतच नाही, मग मोजायलाच काही नसतं. अशा वेळी 'टीआर नाही, अंदाज करता आला नाही' असं लिहायला हवं, 'दाब नॉर्मल' असं नव्हे. या दोन वाक्यांतला फरक जीवघेणा ठरू शकतो.

म्हणून चिठ्ठीवर असं लिहून न्या :

'सिस्टेमिक स्क्लेरोसिस, पल्मनरी हायपरटेन्शनसाठी वार्षिक तपासणी. कृपया नोंदवा : टीआरचा कमाल वेग (मिळाला नसेल तर तसं), उजव्या कर्णिकेचं क्षेत्रफळ, उजव्या-डाव्या जवनिकेचं गुणोत्तर, टॅप्सी, पल्मनरी अॅक्सलरेशन टाइम, आयव्हीसीची रुंदी आणि श्वासाबरोबरचं आकुंचन, डाव्या कर्णिकेचा आकार, डायस्टोलिक फंक्शन, मायट्रल झडप, हृदयाभोवती पाणी.'

२०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वाचन असं. वेग २.८ किंवा कमी आणि बाकी खुणा नाहीत : शक्यता कमी. २.९ ते ३.४ : मध्यम, सोबत बाकी खुणा असतील तर जास्त. ३.४ च्या वर : जास्त. 'बाकी खुणा' म्हणजे उजवी कर्णिका १८ चौरस सेंमीपेक्षा मोठी, उजवी जवनिका (खालचा कप्पा) डावीपेक्षा रुंद, अॅक्सलरेशन टाइम १०५ मिलिसेकंदांपेक्षा कमी, आयव्हीसी (हृदयाकडे येणारी खालची मोठी शीर) २१ मिमीपेक्षा रुंद आणि श्वास घेताना न मिटणारी. वेग २.८ च्या आत असूनही या खुणा असतील तर शक्यता मध्यमच धरायची.

डाव्या बाजूची चौकशी मुद्दाम केली आहे. स्क्लेरोडर्मात हृदयाचा स्नायू ताठ होतो, शिवाय लहानपणीच्या संधिवाताच्या तापानं खराब झालेली मायट्रल झडप आपल्याकडे आजही आढळते. दोन्हींमुळे फुप्फुसातला दाब मागच्या मागे चढतो, आणि त्यावरचे उपचार पूर्ण वेगळे.

डिटेक्ट : कुणासाठी आणि कशी

आजाराला तीन वर्षांहून जास्त काळ झाला असेल आणि डीएलसीओ ६० टक्क्यांखाली असेल, तर डिटेक्ट ही दोन पायऱ्यांची पद्धत वापरतात. पहिल्या पायरीत सहा गोष्टी : एफव्हीसी-डीएलसीओ गुणोत्तर, लाल ठिपके (आत्ता किंवा पूर्वी), अँटी-सेंट्रोमिअर, एनटी-प्रोबीएनपी, युरिक अॅसिड, ईसीजीवरचा राइट अॅक्सिस. गुणांची बेरीज ३०० च्या वर गेली तर एको. दुसऱ्या पायरीत त्यात उजव्या कर्णिकेचं क्षेत्रफळ आणि टीआरचा वेग मिळवतात. ३५ च्या वर गेलं तर कॅथेटर तपासणी (उजव्या हृदयात नळी घालून दाब थेट मोजणं). हाताने गुण मोजायचा तक्ता आणि कॅल्क्युलेटर दोन्ही आहेत. युनिट नीट भरा, युरिक अॅसिड मिलिग्रॅममध्ये की मायक्रोमोलमध्ये यावर सगळा खेळ फिरतो.

ज्या अभ्यासातून ही पद्धत आली त्यात तिनं निदान हुकलेले रुग्ण ४ टक्के होते. त्याच गटात त्या वेळच्या एको-आधारित सूचनांनी २९ टक्के हुकले. किंमत अशी की बऱ्याच जणांना कॅथेटरला पाठवावं लागतं आणि त्यातल्या अनेकांत काही निघत नाही. आमच्या मते हा सौदा परवडणारा आहे.

उजव्या हृदयाची कॅथेटर तपासणी

निदान इथेच पक्कं होतं. एकोवर 'माइल्ड पीएएच' वाचून गोळ्या सुरू करणं ही सर्रास होणारी चूक. आजार दुसराच असेल तर त्या गोळ्यांनी नुकसान होतं.

ही अँजिओग्राफी नव्हे. लोक 'अँजिओ झाली, नॉर्मल आली' म्हणून सांगतात, पण ती हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची, इथे तिचा उपयोग नाही. उजव्या बाजूचं कॅथेटर मानेतल्या, जांघेतल्या किंवा दंडातल्या शिरेतून जातं, जागा बधिर करून, तुम्ही जागे असताना. टोकाला छोटा फुगा असतो, तो रक्ताच्या प्रवाहाबरोबर फुप्फुसाच्या धमनीपर्यंत वाहत जातो. अनुभवी केंद्रांतल्या ७,२१८ तपासण्यांच्या एका मोठ्या पाहणीत गंभीर गुंतागुंत साधारण १ टक्क्यात झाली होती. जिथे हे काम नेमानं होतं तिथेच करून घ्या. कॅथ लॅब पुण्यात पुष्कळ आहेत, पण त्यातल्या अनेकांचा दिवस स्टेंट घालण्यात जातो. म्हणून विचारा : 'महिन्यात उजव्या बाजूच्या किती करता? कार्डिअॅक आउटपुट मोजता का?'

कॅथ लॅबमध्ये थंडी असते. लोकरीचे मोजे, हातमोजे न्या आणि रेनॉड्स आहे हे आधी सांगा. बोटांना जखमा असतील तर मनगटाच्या धमनीतून रक्त काढण्याआधी डॉक्टरांना त्या दाखवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या हे लेखी घ्या.

रिपोर्टवर हे आकडे हवेतच : उजव्या कर्णिकेतला दाब, पल्मनरी धमनीचा सरासरी दाब, वेज प्रेशर (डाव्या हृदयाकडचा दाब सांगणारा आकडा), कार्डिअॅक आउटपुट (हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं ते), पीव्हीआर (फुप्फुसातल्या वाहिन्यांचा विरोध). २०२२ च्या व्याख्येप्रमाणे सरासरी दाब २० च्या वर, वेज १५ किंवा कमी आणि पीव्हीआर २ वुड युनिटच्या वर असेल तर आजार धमन्यांचा. पूर्वी मर्यादा २५ होती, त्यामुळे जुन्या रिपोर्टवर '२३, नॉर्मल' असं लिहिलेलं असेल तर ते पुन्हा दाखवा. पीव्हीआरचं गणित सोपं : सरासरी दाब वजा वेज, भागिले आउटपुट. ३२ वजा १०, भागिले ४.४, म्हणजे ५ युनिट. वेज १८ असता तर बोट डाव्या हृदयाकडे वळलं असतं. वेज श्वास सोडून संपल्यावर वाचायचा असतो. यंत्रानं सरासरी काढून छापलेला आकडा फसवू शकतो.

निदान पक्कं झालं तरी दोन गोष्टी राहतात. एचआरसीटीवर जाळी किती आहे ते, आणि व्ही-क्यू स्कॅनवर (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारा) जुन्या गुठळ्या नाहीत ना ते. गुठळ्यांमुळे चढलेल्या दाबावर शस्त्रक्रियेचा मार्ग असतो, तो हुकवणं परवडत नाही. काही थोड्यांत धमन्यांऐवजी बारीक शिराच बंद होतात; तिथे डीएलसीओ फारच कमी असतो, सीटीवर रेषा आणि गाठी दिसतात, आणि नेहमीची औषधं दिली की फुप्फुसात पाणी भरतं.

खर्चाबद्दल : सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांना, योजनेत असलेल्या खासगी रुग्णालयात आरोग्यमित्राला, भरती होण्याआधी भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नेमकं काय बसतं ते तपासणीचं नाव सांगून विचारा. 'हृदयाची तपासणी' एवढंच सांगितलं तर उत्तरही मोघमच मिळतं.

मधल्या काळात

सगळं ठीक आलं तर पुढची तारीख बारा महिन्यांनी. काठावरचं आलं, म्हणजे गुणोत्तर १.६ च्या आसपास किंवा एनटी-प्रोबीएनपी चढतं, तर तीन ते सहा महिन्यांनी तेवढ्याच तपासण्या पुन्हा. दम आहे आणि कारण सापडत नाही, तर एको काहीही म्हणो, कॅथेटरचा विषय काढा.

ऑक्सिजन मोजताना बोटं गार असतील तर यंत्र कानाच्या पाळीला किंवा कपाळाला लावायला सांगा, त्यासाठी वेगळे प्रोब मिळतात. सहा मिनिटं चालण्याच्या तपासणीतही हेच. त्या तपासणीत अंतर कमी आलं तर ते गुडघ्यांमुळे की दमामुळे हे शेवटी लिहून घ्या, नाहीतर वर्षभरानं आकड्याचा अर्थ लागत नाही.

वहीच्या एका पानावर सहा रकाने करा : तारीख, हिमोग्लोबिन, एफव्हीसी, डीएलसीओ, गुणोत्तर, एनटी-प्रोबीएनपी. तीन वर्षांच्या तीन ओळी एकाखाली एक आल्या की घसरण डोळ्यांना दिसते. जाडजूड फाइल चाळणाऱ्या डॉक्टरांना दहा मिनिटांत ती दिसेलच असं नाही.

पहिल्या पानावर चालू औषधं लिहा. सिल्डेनाफिल, टॅडालाफिल किंवा बोसेंटान हे रेनॉड्ससाठी किंवा बोटांच्या जखमांसाठी आधीच चालू असू शकतं. एको किंवा कॅथेटर वाचणाऱ्याला ते माहीत हवं, कारण दाब त्यानं थोडा दबलेला असू शकतो. बोसेंटानवर दर महिन्याला यकृताची तपासणी, आणि ते चालू असताना गर्भधारणा अजिबात नको. सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिलसोबत रिओसिग्वॅट (फुप्फुसातल्या दाबावरचं औषध) कधीच नाही. आणि घरोघरी देव्हाऱ्याशेजारी किंवा पाकिटात ठेवलेली सॉर्बिट्रेटची गोळी : छातीत दुखतंय म्हणून शेजाऱ्यानं सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल घेणाऱ्या माणसाच्या जिभेखाली ती ठेवली तर दंडातला रक्तदाब कोसळतो. 'सॉर्बिट्रेट देऊ नये' हे त्या पानावर लाल शाईनं लिहा आणि घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा.